संगणक आकस्मिक बंद प्रकरण

आमचा कॉम्प्युटर पहिल्यांदा बंद पडला तो राज्यपालांमुळे. निदान माझं त्या वेळी तसं ठाम मत होतं. सौदामिनी, म्हणजे माझी बायको, 'राज्यपालांचे स्वेच्छाधिकार' या प्रश्नाचं उत्तर टाइप करत होती, अर्धं पान झालं होतं, आणि एकाएकी पडदा काळा झाला. ना आवाज, ना सूचना, ना निरोप. डोक्यावर पंखा फिरत होता, ट्यूबलाइट जळत होती, शेजारी गोलकबाबूंचा रेडिओ कोकलत होता. म्हणजे घरात वीज होती. गेला होता तो फक्त कॉम्प्युटर.

"अहो, उठा. बघा हे काय झालं!"

मी पखाळ खाऊन आडवा झालो होतो. आमच्या कटक शहरात एप्रिलच्या दुपारी शहाणा माणूस दोनच गोष्टी करतो. गार पाण्यातला पखाळ भात खातो आणि झोपतो. सौदामिनी तिसरी गोष्ट करत होती. ती छप्पन्नाव्या वर्षी बी.ए. करत होती. लग्नामुळे राहून गेलेलं बी.ए., असं ती म्हणायची. लग्न माझ्याशीच झालेलं असल्यामुळे मी या विषयावर फार बोलत नसे.

आता शेवटचा एकच पेपर उरला होता. राज्यशास्त्र, दोन मे, सकाळी अकरा ते एक. मुक्त विद्यापीठाने परीक्षा घरबसल्या ठेवली होती. कॉम्प्युटरसमोर बसायचं, वरच्या कॅमेऱ्यातून विद्यापीठाचा माणूस आपल्यावर नजर ठेवणार, आणि मधेच मशीन तीन मिनिटांपेक्षा जास्त बंद राहिलं तर पेपर रद्द. मग पुढच्या वर्षी या.

"मी बघतो," मी म्हणालो.

माझ्या आयुष्यातले बहुतेक अनर्थ या दोन शब्दांनी सुरू झालेले आहेत.

मी खोक्याला एक थाप मारली. बटण दाबलं. मशीन चालू झालं. "झालं की!" असं म्हणून मी पुन्हा आडवा झालो. तेवीस मिनिटांनी पुन्हा तीच हाक आली.

"एखाद्या कारागिराला दाखवू या का?" सौदामिनीने विचारलं.

मला हे लागलं. मी पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढलेली आहेत. धरणं, दरवाजे, पंप, कालवे. आता खरं सांगायचं तर धरण मी दोनदाच पाहिलं, तेही खात्याच्या सहलीला, आणि माझ्याकडे असायचे ते कर्मचाऱ्यांच्या रजेचे अर्ज. पण बत्तीस वर्षं ज्या इमारतीत यंत्रांबद्दलचे कागद फिरतात त्या इमारतीत बसलेल्या माणसाला यंत्रं थोडीफार कळायला लागतातच. मी तिला स्पष्ट सांगितलं, "या घरातल्या यंत्राला बाहेरचा हात लागणार नाही."

आणि मी फाइल उघडली. आमच्या खात्यात कुठलंही काम फाइल उघडल्याशिवाय सुरू होत नसे, आणि उघडल्यावर संपतही नसे, पण तो वेगळा विषय झाला. नवी कोरी वही घेऊन मी वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'संगणक आकस्मिक बंद प्रकरण'. खाली रकाने आखले. तारीख, वेळ, किती मिनिटांनी बंद पडला, त्या वेळी कोण बसलं होतं, काय करत होतं, शेरा.

आठवडाभर मी नोंदी ठेवल्या. मी स्वतः रोज पहाटे सहा ते सात त्या कॉम्प्युटरवर पत्ते खेळतो. त्या वेळात तो एकदाही बंद पडला नाही. सौदामिनी दुपारी दोनला बसायची. तेव्हा तो रोज बंद पडला. एकदा तर अवघ्या बारा मिनिटांत. निष्कर्ष डोळ्यांसमोर होता. मी तो तिला शक्य तितक्या हळुवारपणे सांगितला.

"दोष मशीनचा नाही. तुझ्या हाताचा आहे. तू बटणं फार जोरात दाबतेस."

"आणि तुम्ही?"

"मी पत्ते कसे अलगद उचलतो, बघ एकदा."

"राज्यपालांचे अधिकार अलगद कसे लिहायचे ते पण सांगून ठेवा," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथे तिने भांडी घासली. ती मात्र फार जोरात घासली, हे मी वहीच्या शेऱ्यात नोंदवून ठेवलं.

एव्हाना गल्लीत बातमी फुटली होती. आमच्या कुसुंबी साहीत, म्हणजे मोहल्ल्यात, एका घरी कढी उतू गेली तर तिसऱ्या घरातून काळजी घ्यायला सांगतात. सर्वांत आधी आले गोलकबाबू. हे गोलक पट्टनाईक, आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. चाळीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. निवृत्त झाले तरी सवय सुटलेली नाही, फक्त वर्ग सुटला आहे. त्यामुळे आता साही हाच वर्ग.

त्यांनी खोक्याला कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "व्होल्टेज."

"म्हणजे?"

"शतपथीबाबू, वीज ही पाण्यासारखी असते. तुम्ही पाटबंधाऱ्यातले, तुम्हाला मी काय सांगावं? दाब कमीजास्त झाला की यंत्र गुदमरतं. तुम्हाला स्टॅबिलायझर पाहिजे. माझ्याकडे आहे. आमच्या जुन्या फ्रिजचा."

तो स्टॅबिलायझर आम्ही दोघांनी मिळून उचलून आणला. वाटेत तीनदा खाली ठेवला. करड्या रंगाचं, कलिंगडाएवढं आणि कलिंगडाच्या दसपट वजनाचं ते खोकं. जोडल्यावर त्यातून मधमाश्यांचं पोळं डिवचल्यासारखा आवाज यायला लागला. गोलकबाबू समाधानाने म्हणाले, "बघा, काम करतोय." मग तो एकदाच 'खट्' असं म्हणाला आणि आमच्या घरातले सगळे दिवे गेले. पाठोपाठ गोलकबाबूंचा रेडिओ थांबला. मग माडीवरून कुमुदिनी मउसींची हाक आली, "अगं सौदा, माझा पंखा का थांबला गं?"

गोलकबाबूंनी थोडा विचार केला. "म्हणजे बघा, दोष केवढा मोठा होता!" असं म्हणून ते स्टॅबिलायझर तिथेच ठेवून घरी गेले.

कुमुदिनी मउसी, म्हणजे मावशी, आमच्या माडीवर भाड्याने राहतात. वय पंच्याहत्तर, गुडघे गेलेले, पण सल्ला द्यायचा असला की जिना दोन दमांत उतरतात. त्या खाली आल्या, खोक्याकडे बघितलं, सौदामिनीकडे बघितलं आणि हनुवटीला बोट लावलं.

"नजर लागली आहे."

"कोणाला, मउसी?" मी विचारलं.

"कोणाला म्हणजे? पन्नाशी उलटलेली बाई बी.ए. करतेय, साहीतल्या कोणाच्या पोटात दुखणार नाही? तिला काही होत नाही, ती खमकी आहे. मग ती नजर यावर बसते." त्यांनी खोक्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "बिचारं गरीब आहे."

मउसींनी स्वतः लाल सुती कापडाची खोळ शिवली. खोक्याला वरून खालपर्यंत झाकणारी, मागच्या बाजूला तारांपुरती फट, पुढे बटणापुरतं काज. दोऱ्यात ओवलेलं लिंबू आणि मिरच्या मागच्या बाजूला बांधल्या. शिवाय रोज दोन्ही वेळा समोर धूप दाखवायचा. सौदामिनी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी असल्यामुळे तिचा या प्रकारावर विश्वास नव्हता, पण मउसींवर जीव होता. मी विज्ञानवादी माणूस आहे. म्हणून मी धूप जरा जवळून दाखवत असे, म्हणजे धूर वाया जायला नको.

त्या दिवसापासून कॉम्प्युटर नऊ मिनिटांत बंद पडायला लागला. मी वहीत लिहिलं, 'नजर तीव्र.'

मग मी विद्यापीठाच्या मदत केंद्राला फोन लावला. चाळीस मिनिटं सनई ऐकल्यावर एक बाई बोलल्या. मी विचारलं, परीक्षा दुसऱ्या कुणाच्या मशीनवर देता येईल का?

"नाही. परीक्षार्थीने ज्या मशीनवर नोंदणी केली आहे त्याच मशीनवर परीक्षा द्यायची. मशीन बदलायचं असल्यास पंधरा दिवस आधी अर्ज."

"आज किती तारीख आहे?"

"एकवीस."

"आणि परीक्षा दोनला."

"मग अर्ज करू नका," त्या म्हणाल्या. विद्यापीठाकडून मला मिळालेला हा सर्वांत स्पष्ट सल्ला. पुढे त्यांनी असंही सांगितलं की विजेमुळे खंड पडला तर, वीज गेली होती असा वीज कार्यालयाचा दाखला जोडल्यास, पेपर रद्द होणार नाही.

दाखला! हा शब्द ऐकून माझ्या अंगात जीव आला. यंत्राचं सोडा, दाखला हे माझं क्षेत्र. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून मी वीज कार्यालयात हजर झालो. तिथे जेनाबाबू नावाचे गृहस्थ टेबलामागे बसले होते. टेबलावर फाइलींची तटबंदी, मागे जेनाबाबूंची फक्त टाळू.

"या, बसा. काय काम?"

"वीज गेल्याचा दाखला हवा आहे."

"कधी गेली?"

"दोन मेला. अकरा ते एकच्या दरम्यान."

टाळू वर आली. खाली चष्मा दिसला. "दोन मे अजून आलेला नाही."

"म्हणूनच आत्ता आलो. ऐन वेळी तुमची धावपळ नको."

जेनाबाबूंनी चष्मा पुसला. "हे पहा, आमच्या विभागात वीज जात नाही. त्यामुळे गेल्याचा दाखला देण्याचा प्रश्न येत नाही."

तेवढ्यात डोक्यावरचा पंखा मंदावला, थांबला आणि खोलीत अंधार झाला. मी नम्रपणे वर बोट दाखवलं.

"हा देखभालीसाठी घेतलेला विराम आहे," अंधारातून आवाज आला. "याला वीज जाणं म्हणत नाहीत."

पण माणूस वाईट नव्हता. त्याने माझी कथा ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवशी एक लाइनमन आमच्या घरी धाडला. लाइनमनने मीटर उघडलं, तारा चाचपल्या, स्टॅबिलायझर पाहिला, आणि दोन पावलं मागे सरकून म्हणाला, "बाबू, तुमच्या घराला अर्थिंगच नाही. जिवंत कसे राहिलात?" हा प्रश्न मला आजवर अनेकांनी वेगवेगळ्या सुरांत विचारलेला आहे, पण इतक्या कळवळ्याने प्रथमच. त्याने सांगितलं, अंगणात पाच-सहा फूट खड्डा खणा, कोळसा आणि मीठ भरा, पत्रा पुरा. तोवर आमची वीज त्याने आमच्याच भल्यासाठी तोडली.

आता तुम्ही म्हणाल, कॉम्प्युटर नीट करायला निघालेला माणूस अंगणात खड्डा का खणतो? हा प्रश्न सौदामिनीनेही विचारला. ती त्या वेळी पेरूच्या झाडाखाली खाट टाकून, एका हाताने वारा घेत, दुसऱ्या हाताने राष्ट्रपती राजवट वाचत होती. मी म्हणालो, "मुळाशी गेल्याशिवाय दोष निघत नाही."

"मुळाशी जाताय की पाताळात?"

खड्डा मी आणि गोलकबाबूंनी खणायला घेतला. म्हणजे मी खणत होतो आणि गोलकबाबू मातीचे थर समजावून सांगत होते. चार फुटांवर पहार कशाला तरी आपटली.

"दगड आहे," गोलकबाबू म्हणाले. "लॅटराइट. जोरात मारा."

मी जोरात मारली. दगडातून पाणी आलं. साधंसुधं नाही, माझ्या डोक्यावरून उडालं, पेरूच्या शेंड्यापर्यंत गेलं आणि खाली येताना राष्ट्रपती राजवटीवर पडलं. साहीची पाण्याची मुख्य नळी आमच्या अंगणाखालून जाते हे पाणीखात्याला ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं. पाच मिनिटांत अंगण भरलं, दहा मिनिटांत गल्ली. बायका घागरी घेऊन धावल्या. पहिली पंधरा मिनिटं माझं सर्वांनी मनापासून कौतुक केलं. सोळाव्या मिनिटाला लोकांच्या लक्षात आलं की हे पाणी गल्लीत आहे म्हणजे घरांच्या नळांत नाही.

बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात राहून मी कुठे थेंबभर पाणी सोडलं नव्हतं. आणि निवृत्तीनंतर एका दुपारी अख्खी साही ओलिताखाली आणली.

दीड दिवस साहीला पाणी नव्हतं. मी गल्लीतून जाताना लोक एकमेकांना मोठ्याने म्हणायचे, "कॉम्प्युटर कसा आहे म्हणे?" पानवाल्याने मला पान लावून देताना विचारलं, "बाबू, आता पुढे काय, रेल्वे?" पाणीखात्याची नोटीस आली, तिला मी सहा पानी खुलासा पाठवला. नळी जोडली गेली, अर्थिंग झालं, वीज आली. एकोणतीस एप्रिल उजाडला. मी सौदामिनीला खुर्चीवर बसवलं, वही उघडली आणि छाती पुढे काढून म्हणालो, "चालू कर."

सात मिनिटं.

सौदामिनीने माझ्या हातातली वही मिटली. हे वाईट लक्षण होतं. ती उठली, लिंबू-मिरची ओढून काढली, तारा सोडवल्या, खोळीसकट खोकं कडेवर घेतलं, पायांत चपला सरकवल्या आणि फाटकाबाहेर जाऊन रिक्षाला हात केला.

"कुठे निघालीस?"

"बाहेरचा हात लावायला."

मी वही घेऊन मागोमाग रिक्षात चढलो. रस्ताभर ती खोकं मांडीवर घेऊन सरळ समोर बघत होती. मी एकदा म्हणालो, "मी धरू का?" तिने मान हलवली. मग चौकात रिक्षा थांबली तेव्हा समोर बघतच म्हणाली, "चौतीस वर्षांपूर्वी तुमच्या आईला पडवीत पाडलंत तेव्हा म्हणाला होतात, पुढच्या वर्षी परीक्षेला बस. चौतीस पुढची वर्षं झाली. मला आणखी एक नकोय."

आईची मोडलेली मांडी, तो पावसाळा, बांधून ठेवलेली पुस्तकं, सगळं मला आठवलं. वास्तविक आई स्वतःच घसरली होती, मी फक्त तिला धरायला गेलो होतो. पण हा मुद्दा मांडण्याची ती जागा नव्हती.

दुर्योधन बेहेराचं दुकान एवढं अरुंद की तो आत असला की गिऱ्हाईक बाहेर. तिशीतला शांत माणूस. त्याने खोळ काढली, चार स्क्रू फिरवले, बाजूचा पत्रा उघडला आणि आत पाहून तोंडावर रुमाल धरला.

आत कॉम्प्युटर दिसतच नव्हता. राखाडी लोकरीचा एक गुबगुबीत थर होता, त्यावर धुपाची राख, मधोमध एक पंखा, आणि त्या पंख्याला लिंबाचा दोरा घट्ट गुंडाळलेला. एक मिरचीही होती. वाळून खडखडीत झालेली.

"मउसा, ही खोळ कोणी घातली?" त्याने मला विचारलं. इकडे काकांना मउसा म्हणतात.

"नजर लागू नये म्हणून," मी म्हणालो.

"नजर राहू दे, याला श्वास लागला आहे. हे आत तापतं. फार तापलं की जळून जाऊ नये म्हणून आपणहून बंद होतं. तुम्ही याला त्रेचाळीस डिग्रीत रजई पांघरून शेगडीसमोर बसवलंत. बाकी कोणी असता तर घर सोडून गेला असता."

मी प्रतिष्ठा सांभाळण्यासाठी वही पुढे केली. "माझ्याकडे संपूर्ण नोंदी आहेत."

त्याने पानं उलटली. एकदा उलटली, पुन्हा पहिल्यापासून उलटली. "मउसा, तुम्ही तर सगळं लिहूनच ठेवलंय. पहाटे गार असताना एकदाही नाही, दुपारी रोज. खोळ घातल्यावर लवकर, धूप दाखवल्यावर आणखी लवकर. एवढं लिहिलंत, मग वाचलं का नाही?"

खात्यात लिहिणारा वेगळा असतो आणि वाचणारा वेगळा, हे त्या दुकानदाराला कुठून कळणार?

त्याने फुंकणीने धूळ उडवली, ती बहुतेक माझ्या इस्त्रीच्या सदऱ्यावर बसली. पंखा नवा घातला, त्याखाली मलम लावलं. मग मागचा एक डबा ठोकून पाहिला आणि मान हलवली. "वीज पुरवणारा हा डबा म्हातारा झालाय. नवा भुवनेश्वरहून सोमवारी येईल."

"परीक्षा शनिवारी आहे," सौदामिनी म्हणाली.

"मग मउसी, असं करा. हा बाजूचा पत्रा उघडाच ठेवा, समोर टेबलफॅन लावा. सतत वारा लागला पाहिजे. दोन तास निघतील."

शनिवारी सकाळी अकराला सौदामिनी टेबलाशी बसली. संबळपुरी साडी, केस घट्ट बांधलेले. खोकं खाली जमिनीवर, पोट उघडं टाकून, समोर टेबलफॅन. कॅमेऱ्यात दुसरी व्यक्ती दिसता कामा नये, म्हणून मी दाराबाहेर. कुमुदिनी मउसी फाटकाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि भाजीवाल्यांना नजरेनेच परतवत होत्या. गोलकबाबूंनी, स्टॅबिलायझरबद्दल मनात काही राहिलं असेल म्हणून, आपल्या इन्व्हर्टरची एक वायर भिंतीवरून आमच्याकडे टाकली होती. "बॅटरी जुनी आहे," त्यांनी बजावलं होतं. "वीज गेली तर फक्त कॉम्प्युटर. फॅन लावलात तर दोन्ही जातील."

बारा वाजायला आठ मिनिटं कमी असताना जेनाबाबूंनी देखभालीसाठी विराम घेतला.

डोक्यावरचा पंखा थांबला. टेबलफॅन थांबला. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर तेवढा चालू राहिला. मी दारातून पाहिलं, सौदामिनीने मान वळवली नाही, पण बोटं क्षणभर थांबली. तिला कळलं होतं. सात-आठ मिनिटं, फार तर दहा.

मग मी खुंटीवरचा ताडाचा पंखा काढला, जमिनीवर पालथा पडलो आणि सरपटत आत गेलो. एकसष्ट वर्षांचा माणूस, निवृत्त वरिष्ठ लिपिक, दोन वेळा साहीच्या पूजा समितीचा उपाध्यक्ष. टेबलाच्या पायाशी पोहोचलो, कॅमेऱ्याच्या खाली अंग चोरलं आणि खोक्याला वारा घालायला लागलो.

पाच मिनिटांनी खांदा भरला. दहा मिनिटांनी मनगट गेलं. घाम नाकाच्या शेंड्यावरून फरशीवर ठिबकत होता. एक मुंगी माझ्या कोपरापाशी आली, तिने परिस्थितीचा अंदाज घेतला आणि निवांत चावली. वर स्पीकरमधून आवाज आला.

"मॅडम, तुमच्याकडे कसला तरी आवाज येतोय."

"पंख्याचा आहे," सौदामिनी म्हणाली.

"पण तुम्ही तर आत्ताच कळवलंत की वीज गेली आहे. मग पंखा कसा चालू?"

"जुना आहे," ती म्हणाली. "विजेशिवाय चालतो."

मी हात बदलला. डावा, उजवा, पुन्हा डावा. आणि खाली पडल्या पडल्या मला तिच्या टायपिंगचा आवाज ऐकू येत होता. इतके दिवस मी मिनिटं मोजत होतो, तो आवाज कधी ऐकला नव्हता. ती थांबतच नव्हती. मधेच जरा अडायची, मग पुन्हा सरसर सुटायची. हिच्या डोक्यात एवढं आहे, आणि मी हिला अलगद बटणं दाबायला सांगत होतो! मी वारा वाढवला.

एकला तीन मिनिटं असताना तिने उत्तरपत्रिका पाठवली. पडद्यावर हिरवी खूण आली. मग तिने खाली वाकून पाहिलं, उठून आतून माठाचं पाणी आणलं आणि पेला माझ्या हातात दिला. बोटं पेल्याभोवती मिटेनात, अर्धं पाणी सांडलं. तिने राहिलेला पेला माझ्या तोंडाला लावला. वीज दीड वाजता आली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण तीन आठवड्यांनी विद्यापीठाचं पत्र आलं. 'चित्रमुद्रण तपासता, दुपारी १२ वाजून ३१ मिनिटांनी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक हात दिसून येतो. सदर हात कोणाचा आहे, परीक्षा कक्षात कोणत्या कारणास्तव होता व त्याने परीक्षार्थीस उत्तरे लिहिण्यात काय साहाय्य केले, याचा खुलासा सात दिवसांत करावा. तोपर्यंत निकाल राखून ठेवण्यात येत आहे.'

बारा एकतीस. डावा हात आखडला होता तेव्हा मी तो झटकला होता, तो हा.

सौदामिनी पत्र हातात धरून पायरीवर बसली. तिचा चेहरा मला पाहवेना. मी तिला म्हणालो, "घाबरू नकोस. खुलासा हे माझं क्षेत्र आहे." रात्रीच्या जेवणाआधी मी अकरा पानं लिहिली. माझ्या नोकरीच्या रुजू दिनांकापासून सुरुवात केली, मग यंत्रांशी माझा संबंध, मग वही, मग खड्डा, मग पाणी. जोडपत्र म्हणून मुंगी चावल्याची जागा दाखवणारी आकृती.

तिने अकराही पानं वाचली. नीट घडी घातली, उशीखाली ठेवली. मग स्वतः कोरा कागद घेऊन सहा ओळी लिहिल्या.

'आपल्या नियम चौदानुसार मनाई आहे ती उत्तरे लिहिण्यास साहाय्य करणाऱ्या व्यक्तीला. सदर हात माझ्या पतीचा आहे. आमच्या लग्नाला चौतीस वर्षे झाली. या काळात त्यांनी मला न विचारता पुष्कळ उत्तरे दिली, त्यांपैकी एकही बरोबर निघालेले नाही. परीक्षेच्या दिवशी त्यांनी एक तास पाच मिनिटे फक्त वारा घातला. तो नसता तर मी पेपर पूर्ण करू शकले नसते.'

त्याखाली तिने एक ओळ आखली होती. 'वरील मजकूर खरा आहे. सदर हाताचा मालक.'

"यावर मी सही करायची?" मी विचारलं.

"हात तुमचा आहे ना?"

मी शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचलं. मग सही केली. डावा हात अजून दुखत होता, पण सही उजव्याने करायची असते.

आठव्या दिवशी उत्तर आलं. सौदामिनी शतपथी, बी.ए., अडुसष्ट टक्के. सोबत एक ओळ, 'परीक्षार्थीचा खुलासा पूर्णपणे विश्वासार्ह वाटल्याने कोणत्याही चौकशीची आवश्यकता नाही.' सौदामिनी तो कागद घेऊन आधी माडीवर मउसींकडे धावली, मग भिंतीवरून गोलकबाबूंना ओरडून सांगितलं, मग साऱ्या साहीला पनीर भाजून केलेला गोड छेना पोडा वाटला. मी पण दोन तुकडे खाल्ले. पण एवढं मोठं विद्यापीठ, इतके विद्वान प्राध्यापक, आणि त्यांतल्या एकालाही निदान एक शंका काढावीशी वाटली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.